शांताबाईच्या घरी बोलायचं नाही

कळव्याच्या खारेगावात शालू केणेचं नाव काढलं की माणूस आधी हसतो आणि मग हळूच मागं वळून बघतो, ती जवळपास तर नाही ना म्हणून. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, केसांना मेंदी लागली, पण अंगातली खोड काही गेली नाही.

सासऱ्यांची खाडीकाठी मिठागरं होती. ती गेली, मग भाताची खाचरं गेली, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि केण्यांच्या वाट्याला गावठाणातलं दोन मजली घर आणि खालचे भाड्याचे गाळे उरले. नवरा राघो हा अबोल माणूस. तो महिन्याभरात जेवढं बोलतो तेवढं शालू सकाळचा चहा उकळेपर्यंत बोलून मोकळी होते. म्हणूनच आमचा संसार सुखाचा झाला असं राघो म्हणतो. म्हणजे म्हणत नाही, मान हलवतो.

एकदा बिल्डरचा माणूस कोट घालून दारात आला. "घरातल्या मोठ्यांशी बोलायचंय," म्हणाला. शालूनं त्याला मोठ्या अदबीनं गल्लीच्या टोकाला नेलं आणि भिवा म्हाताऱ्याच्या खाटेपाशी बसवलं. "हेच आमचे मोठे. ह्यांनी हो म्हटला की झाला." भिवा ठार बहिरा. त्या बिचाऱ्यानं घाम पुसत पुसत लिफ्ट, पार्किंग, स्विमिंग पूल असं सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे बघून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "आज नको. कालच घेतली ना वांगी." कोटवाला पुन्हा काही गावात दिसला नाही. भिवाला मात्र अजून वाटतं की भाजीवाला फार सभ्य होता.

अशा बाईच्या घरी परदेशी पाहुणी ठेवायची म्हणजे मोठीच हिंमत. ती तिच्या सुनेनं केली. दर्शना ठाण्याच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे. तिच्या कॉलेजात दरवर्षी बाहेरदेशची काही मुलं सहा महिने शिकायला येतात आणि इथल्या कुटुंबांत राहतात. यंदा एका घरानं आयत्या वेळी नाही म्हटलं आणि दर्शना बोलून बसली, "आमच्याकडे येऊ दे."

घरी येऊन तिनं आधी सासूला समोर बसवलं.

"आई, मुलगी फिनलंडची आहे. खाडी आणि तिवरांचा अभ्यास करायला येतेय. थोडं मराठी पण शिकलीय."

"येव दे की. वरची खोली रिकामीच हाय."

"पण एक सांगते. तिची मस्करी करायची नाही. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. शपथ घ्या."

शालूनं शेजारी जेवत बसलेल्या राघोच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्यांची शप्पत. त्या पोरीची मी येक पन मस्करी करनार नाय."

राघोनं घास तसाच ठेवून वर बघितलं. "माझ्याच डोक्यावर का?"

दर्शनाचं समाधान झालं. खरं तर तिनं शपथेचे शब्द जरा नीट ऐकायला हवे होते. शपथ फक्त त्या पोरीपुरती होती. उरलेलं खारेगाव शपथेच्या बाहेर होतं.

मुलगी जुलैत आली. उंच, सडपातळ, पिवळट केसांची, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. दारात तिनं चपला काढल्या, त्या ओळीत नीट लावल्या आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार."

"ये ग बाय, ये. नाव काय तुझा?"

"आयनो."

शालूनं सुनेकडं पाहिलं. नातवंडांमुळं एवढं इंग्रजी तिलाही येत होतं. "तुझा नाव तुला म्हाईत हाय ता मना पन कलतंय. पन मना सांग की!"

"आयनो," मुलगी पुन्हा म्हणाली, तेवढ्याच गंभीरपणे.

"आई, तेच नाव आहे तिचं!" दर्शनानं कपाळाला हात लावला. "आणि शपथ?"

"मी कुठं मस्करी केली? हीच माझी करतेय!"

पहिल्या काही दिवसांत शालूच्या लक्षात आलं की पोर चांगली आहे पण तिच्या तोंडाला कुलूप आहे. विचारलं तर बोलायची, तेही मोजकं आणि पुस्तकी. "भात उत्तम आहे." "मी आता स्नान करते." सुके बोंबील मात्र असे खायची की जशी खारेगावातच जन्मली. सुकटाची चटणी बोटानं चाटून झाली की डोळे मिटून बसायची. ते बघून शालूचा जीव तिच्यावर जडला. ती दिवसभर तिच्याशी बोलत सुटायची. कुणाचं लग्न कसं मोडलं, मिठागरावर पाय कसे चिरायचे, खाडीच्या चिखलातली निवटी मासळी हातानं कशी धरायची. आयनो ऐकत राहायची आणि मध्येच एखादा शब्द विचारायची. महिन्याभरात कॉलेजच्या सरांना ती "मना भूक लागली" म्हणाली, तेव्हा दर्शनाला स्टाफरूममध्ये तोंड लपवायला जागा उरली नाही.

गोरी पोरगी केण्यांकडे राहते म्हटल्यावर गावात चौकशा सुरू झाल्या. आणि सगळ्यात मोठी चौकशी शेजारच्या घरातून, शांताबाईची.

शांताबाई ही शालूची चुलत जाऊ. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, तेव्हापासून भिंतीला भिंत लावून राहताहेत आणि रोज भांडताहेत. दोघींच्या मोऱ्यांच्या खिडक्या समोरासमोर. भांडी घासताना सुरू झालेलं बोलणं भांडी संपली तरी संपायचं नाही. बोलण्यात शांताबाई शालूच्याही वरचढ. नावात शांता आहे ही तिच्या आईबापाची चूक, असं शालू म्हणायची.

"पोरीला माझ्याकडं जेवाला पाठव की," शांताबाई खिडकीतून म्हणाली. "तुझ्याकडं काय, रोज सुका मावरा. मी तिला कोलंबी घालते, तांदलाची भाकरी घालते. येत्या आयतवारी पाठव."

शालूच्या हातातलं पातेलं थांबलं. मनात काहीतरी चमकलं.

"पाठवते गो. पन येक हाय. तिच्या देशाची रीत तुला जमाची नाय."

"कंची रीत?"

"पाव्हना जेवत असंल तवर घरच्यांनी बोलाचा नाय. अवाज पन नाय. बोलला की पाव्हन्याचा अपमान. उठून जाते ती."

शांताबाईनं खिडकीतून मान पुढं काढली. "तुझ्याकडं तर तू बडबडत असतस!"

"म्या पयल्या दिशी बोलले. अर्ध्या ताटावरना उठली पोर. आता मी गप असते. दर्शनाला इचार पायजे तर." दर्शना तेव्हा कॉलेजात होती, हे शालूला ठाऊक होतं. "जाव दे. तुला नाय जमाचा. जल्मात नाय जमाचा."

हे शेवटचं वाक्य वर्मी लागलं. "मना जमत नाय? तू बघच!"

रविवारी दुपारी आयनो शेजारी जेवायला गेली आणि शालू मोरीची खिडकी बोटभर उघडून, अंधारात पाटावर बसली. शांताबाईच्या घरात अशी शांतता तिनं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. शांताबाईचा नवरा गोविंदा, मुलगा, सून स्वप्ना, सगळे भिंतीला टेकून मुके. बांगडीचा आवाज होऊ नये म्हणून शांताबाईनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. आणखी भाकरी हवी का, हे ती भुवयांनी विचारत होती. कोलंबीकडं बोट, मग पोटावर हात, मग हात जोडून आग्रह. एकदा तिला ठसका लागला तर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी काढत बसली. शालूला हसू आवरेना. तिनं शेवटी ओलं फडकं तोंडावर दाबलं आणि तिथंच आडवी झाली.

आता पोर घरी येईल, गोंधळून विचारेल, आपण काय बोलायचं, या तयारीत शालू होती. आयनो आली ती चेहरा उजळून.

"आई," ती शालूला आईच म्हणायची, "शांताकाकूंचे घर फार छान आहे. सगळे शांत. अगदी माझ्या घरासारखे. मी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार."

शालूचं हसू जागच्या जागी विरलं.

आणि ती खरंच गेली. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही. मग बुधवारी संध्याकाळी नुसती बसायला. शांताबाईच्या घराला आता वळणच लागलं होतं, पाहुणी जेवून उठली तरी ती घरात असेपर्यंत कुणी तोंड उघडत नव्हतं. गोविंदाभावोजी पहिल्यांदा दुपारची झोप सलग झोपले आणि भेटेल त्याला सांगायला लागले की रीत चांगली आहे, आपल्याकडं पण पाहिजे होती. सून स्वप्ना तर आयनोच्या पाया पडायची बाकी होती.

शांताबाई मात्र खिडकीत आली की आठवड्याचं सगळं बोलणं शालूवर ओतायची. आणि वर टोमणा. "तुझ्याकडं पोरीचा डोका दुखतो गो. माझ्याकडं कशी निवांत बसते. शेवटी सभाव लागतो मानसाला."

शालूनं उरलेली भांडी तशीच मोरीत टाकली आणि ती आत गेली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटलं, आपणच खणलेल्या चरात आपलाच पाय गेला. चार महिने पोरकटपणा करत आपण या मुलीच्या कानाशी बडबडतो, आणि तिला हवी असते शांतता. तिनं ते आपल्या पुस्तकी मराठीत कधी सांगितलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

सकाळी उठल्यावर शालू बोललीच नाही.

चहा दिला, न बोलता. भाजीवाल्याला बोटानं मेथी दाखवली आणि भावात घासाघीस न करता घेतली, त्यामुळं तो बिचारा घाबरून जुडी बदलून देऊन गेला. राघोला सुरुवातीला बरं वाटलं. त्यानं पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, जे लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. पण जेवणवेळ झाली तरी आवाज नाही म्हटल्यावर त्याचं काळीज हललं. त्यानं दर्शनाला फोन लावला.

"दर्शना, लवकर ये. आई बोलत नाय."

"म्हणजे? काय झालं?"

"म्हायती नाय. सकालधरना नाय बोलली."

राघोनं स्वतःहून फोन केलाय, याचीच दर्शनाला जास्त धास्ती वाटली. ती माजिवड्यावरून रिक्षा करून आली. मुलगा देवेश दुकान बंद करून आला. शालूला खुर्चीत बसवून तिचं बीपी मोजलं, साखर मोजली, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं जागेवर. देवेशनं बायकोला बाजूला घेतलं.

"आजारी नाहीये ती. काहीतरी मोठं शिजतंय तिच्या डोक्यात. मला जाम टेन्शन आलंय."

तेवढ्यात आयनो परत आली. खाडीवरून आली असावी, पायघोळ पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. घरातले सगळे शालूभोवती गोळा झालेले बघून ती थेट तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, तू का नाही बोलत?"

शालूनं मान फिरवली.

"आई, सांग ना. मना भीती वाटते."

ते 'मना' ऐकून शालूचा बांध फुटला. "बोलून काय करू? तुला शांत घर आवडतं ना? जा शांतीकडं. मी बोलते तर तुझा डोका दुखतो."

आयनो तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही झालं जे त्या घरानं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. आधी तिचे गाल थरथरले, मग नाक लाल झालं, आणि ती चिखलाच्या पायांसकट जमिनीवर लोळून हसायला लागली. हसताना तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, नुसती हलत होती. दर्शना घाबरून पाणी आणायला धावली.

हसू ओसरल्यावर आयनो उठून बसली आणि तिनं सांगितलं. पहिल्याच रविवारी, शांताकाकू आत भाकरी आणायला गेल्या तेव्हा स्वप्नानं तिच्या कानाशी लागून इंग्रजीत विचारलं होतं, "आता बोललं तर चालेल का?" आयनोला काही कळेना. "का नाही बोलायचं?" स्वप्नानं रीत सांगितली. कुणी सांगितली तेही सांगितलं.

"मला कळले," आयनो म्हणाली. "हे माझ्या देशाचे नाही. हे आईचे आहे."

"मग?" शालू खुर्चीच्या कडेला सरकली होती.

"मग मी म्हटले, नाही. अजून नाही बोलायचे."

दर्शनानं आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"प्रत्येक रविवारी स्वप्ना विचारते, आता? मी म्हणते, अजून नाही." आयनोनं तोच शांत, सभ्य चेहरा करून दाखवला. "शांताकाकू चेहऱ्याने बोलते. तोंड बंद, पण भुवया, नाक, हात, सगळे बोलते. माझ्या देशात असा सिनेमा नाही. म्हणून मी जाते. पण मी घरी परत येते ना? घर इथे आहे."

शालूनं तिच्याकडं बघितलं. पायापासून केसापर्यंत बघितलं, जणू आजच दारात आली. सातासमुद्रापलीकडची, बर्फातली पोर, आणि अंगात ही कला! मग ती उठली, आयनोचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कडाकडा बोटं मोडली.

"माझी बाय ती!" आणि एका दमात दिवसभराचं सगळं बोलायला लागली. राघोनं पेपर घडी करून ठेवला. त्याच्या तोंडावर सुटका आणि दुःख सारखंच होतं.

दर्शना मात्र हताश उभी होती. "आई, शपथ घेतली होती तुम्ही."

"हिची मस्करी कुठं केली? इचार तिला. मी तर हिच्या देशाची इज्जत वाढवली!"

त्यानंतर दोघींनी मिळून जे केलं त्यात शालूचा अनुभव आणि आयनोचा चेहरा असे दोन्ही लागले. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर आयनोनं स्वप्नाच्या कानात आणखी एक रीत सांगितली. तिच्या देशात पाहुणा जेवल्यावर त्या घरातले पुरुष ताटं घासतात. बायकांनी घासली तर पाहुण्याला वाटतं, घरातले पुरुष आजारी आहेत.

ही दुसरी रीत खोटी आहे हे स्वप्नाला लगेच कळलं. पहिलीही खोटी आहे हे तर तिला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. मोबाइल तिच्याकडेही होता. पण ती कशाला बोलते? तिनं डोळे खाली घालून सासूला खुणेनं समजावलं. सासूनं खुणेनं सासऱ्याला. गोविंदाभावोजींनी खुणेनं जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण शांताबाईचे डोळे मोठे झाले आणि बापलेक धोतर-लुंगी खोचून मोरीवर बसले. समोरच्या खिडकीत शालू आधीपासून होतीच. गोविंदाभावोजींना ताटाला राख लावताना बघून ती म्हणाली, "भावोजी, कडा नीट घासा, कडा." आणि त्यांना उलट बोलता येईना, कारण पाहुणी अजून ओसरीवर होती.

हे असं आयनो परत जाईपर्यंत चाललं असतं. पण आयनोची आजी मध्ये आली.

डिसेंबरातल्या एका रविवारी, ऐन जेवणात आयनोचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आजीचा होता आणि आजी म्हातारी, म्हणून आयनोनं घेतला. पडद्यावर एक गोल, गुलाबी चेहऱ्याची म्हातारी. तिच्या हातात पाव, तोंडात पाव, आणि ती बोलत होती. थांबतच नव्हती. पाव खात बोलत होती, कॉफी पीत बोलत होती. तिच्या मागं टेबलाशी बसलेला एक पाहुणा जेवत होता आणि ती वळून त्याच्याशी बोलत होती, मग पुन्हा इकडं. शांताबाई आयनोच्या खांद्यावरून बघत उभी होती. भाषा कळली नाही, पण बाई ओळखू आली. ती शांताबाईसारखीच होती, फक्त गोरी.

फोन संपला. शांताबाईनं पदराचा बोळा हातात धरला, बांगड्या कोपरावरून खाली सोडल्या. सगळ्यांना वाटलं, आता कडाडेल. ती कडाडली नाही. आयनोच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, मोरीत गेली आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

ती खिडकी आठवडाभर उघडली नाही. शालूनं भांडी आपटली, खोकली, मुद्दाम चुकीच्या चालीत गाणी म्हटली. पलीकडं शांतता. शालूला घास गोड लागेना. भांडायला माणूस नाही म्हणजे भांडी घासण्यात तरी काय राम! तिनं आयनोला पाठवलं तर शांताबाईनं तिला पोटभर जेवू घातलं, तिच्याशी भरपूर गप्पा मारल्या आणि शालूचं नाव काढताच कानावर हात ठेवले.

"काकू फार रागावली आहे," आयनो येऊन म्हणाली. "पण मला वाटते, ती काहीतरी करते आहे. ती हसते आणि मग एकदम थांबते."

"शांती? तिला कुठं जमतंय," शालू म्हणाली. पण रात्री तिला झोप नीट लागली नाही.

आयनो परत जायच्या आधीच्या शनिवारी सकाळी शालूच्या दारात गावातल्या बायका यायला लागल्या. आधी दोघी-तिघी, मग घोळका, मग भजनी मंडळ टाळांसकट. सगळ्या नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून. "शालू, पोरीच्या निरोपाचा जेवान घातलास, लय बरा केलास!" "मटन केलास ना गो? आनि तांदलाचे वरे?" घराघरांत निरोप गेला होता, शालूच्या नावानं, गोड शब्दांत. शालूच्या चुलीवर त्या वेळी घरापुरतं वरण होतं.

ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. गर्दीच्या अगदी मागं, नवं लुगडं नेसून, हाताची घडी घालून शांताबाई उभी होती. तोंड बंद. पण भुवया, नाक, डोळे सगळे बोलत होते.

शालूनं तिच्याकडं बघितलं आणि तिला असं हसू फुटलं की ती खाली पायरीवरच बसली. "शांते! अगो रांडे! तुना जमला गो!"

"मना जमत नाय व्हय?" शांताबाई ओरडली, आणि आठवडाभराची साचलेली वाफ बाहेर आली. ती गर्दीतून वाट काढत आली, शालूसमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. ठसक्याचं बोलली, बांगड्यांचं बोलली, नवऱ्यानं घासलेल्या ताटांचं बोलली. मध्ये श्वास घ्यायला थांबली तेव्हा शालूनं विचारलं, "ता सगला ठीक हाय. पन ह्या बायांना मी काय घालू?"

शांताबाईनं नाक उडवलं. "गल्लीची इज्जत काय तुझ्या येकटीची हाय? मटन पहाटेच शिजलाय माझ्याकडं. वऱ्यांचा पीठ पन भिजलाय. चल, तलाला बस."

मग दोन्ही घरांच्या मोऱ्या, ओसऱ्या, गच्च्या एक झाल्या. दोघी शेजारी शेजारी बसून वडे तळत होत्या आणि तेल किती तापलंय यावरून भांडत होत्या. आयनो पंगतीत वाढत होती. भजनी मंडळानं तिला मध्ये उभं करून नाचवलं. ती वाईट नाचली, पण न लाजता नाचली. पंगती उठल्यावर ताटांचा ढीग झाला तेव्हा शांताबाईनं गोविंदाभावोजींकडं नुसतं बघितलं. त्यांनी निमूट लुंगी खोचली. स्वप्नानं साबण पुढं केला.

बुधवारी दुपारचं विमान होतं. देवेशनं गाडी काढली. पुढं राघो, मागं आयनोला मध्ये घेऊन दोघी जावा. विमानतळावर काचेच्या दाराशी आयनोनं दोघींना एकेक करून मिठी मारली. तिचं नाक लाल झालं होतं, पण या वेळी ती हसत नव्हती. बॅगेत सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळले होते. "मी येते," ती म्हणाली. जाते म्हणायचं नसतं, हे शालूनं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मग ती आत गेली आणि गर्दीत तिचे पिवळे केस बराच वेळ दिसत राहिले.

परतीच्या वाटेवर दोघींनी आधी डोळे पुसले. मग शांताबाई म्हणाली, "मना जास्त येल मिठी मारली."

"तुझा अंग मोठा हाय, हात पुरत नव्हते तिचे. येल लागनारच."

"डोल्यात पानी माझ्यापुढं आला तिच्या."

"मसाल्याचा हात होता तुझा!"

तिथून जे सुरू झालं ते हायवेभर चाललं. कोलंबी कुणाच्या हातची आवडायची, बोंबील कुणी बांधून दिले, पुढच्या वेळी आली तर आधी कुणाच्या घरी उतरायचं. माजिवड्याला सिग्नलवर गाडी बराच वेळ अडकली. सिग्नल सुटला, गाडी साकेतच्या पुलावर आली, खाली खाडीचं पाणी उन्हात चमकत होतं, तेव्हा शालूनं आपल्या बाजूनं बोलायला साक्षीदार हवा म्हणून पुढं बघितलं.

"अवं, सांगा की हिला! पोर पयल्यांदा आई कुनाला बोलली?"

पुढची सीट रिकामी होती.

"देवेश! बाबा कुठं गेलं?"

"माजिवड्याला उतरले," देवेश समोर बघत म्हणाला. "रिक्षानं येतो म्हणाले."